गळ्यातलं आयकार्ड आणि बायोमधली लिंक

गेल्या रविवारी नाशिकच्या इंदिरानगरला मावशीकडे सत्यनारायण होता. प्रसाद वाटता वाटता मावशीने बातमी फोडली, "आमची पोरगी तिकडे इंग्लंडला युनिव्हर्सिटीची अ‍ॅम्बॅसेडर झाली." शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "आमचापण झालाय की! सेकंड इयरलाच. घरबसल्या करतो." मावशीचा चेहरा एवढासा झाला. मी मुकाट्याने शिरा खात राहिले. ही दोन्ही कामं मी केलेली आहेत. नाव सोडलं तर त्यांच्यात सारखं फार थोडं आहे, पण ते तिथे बोलले असते तर पूजा राहिली असती बाजूला.

मावशीच्या मुलीचं काम स्टुडंट अ‍ॅम्बॅसेडरचं. विद्यापीठ वर्षातले काही दिवस (तिकडे बहुतेक शनिवार, जूनमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात) भावी विद्यार्थ्यांना आणि पालकांना बोलावून सगळं दाखवतं, तो ओपन डे. त्या दिवशी टी-शर्ट घालून, गळ्यात आयकार्ड अडकवून लोकांना फिरवणारी, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मुलं तिथलीच शिकणारी असतात. नेमणूक विद्यापीठाची आणि पगारही विद्यापीठाचाच.

काकूंच्या मुलाचं काम कॅम्पस अ‍ॅम्बॅसेडरचं, आणि नावात कॅम्पस असलं तरी त्याचा कॉलेजशी संबंध नसतो. एखादं अ‍ॅप, ऑनलाइन क्लास, नवी कंपनी किंवा दुसऱ्याच कॉलेजचा फेस्ट (आयआयटी मुंबईच्या मोठ्या फेस्टचेसुद्धा असतात) तुमच्या कॉलेजात आपला एक माणूस ठेवते, तो हा. रेफरल कोड मिळतो, म्हणजे तुमच्यामुळे किती जण आले ते मोजणारा. तो बायोमध्ये टाकायचा, स्टोरी टाकायची, वर्गाच्या ग्रुपवर लिंक फिरवायची आणि शिव्या खायच्या. मी फर्स्ट इयरला केलं. टार्गेट पन्नास डाउनलोडचं होतं, माझे एक्केचाळीस झाले. त्यातले सात घरचेच, आजीच्या फोनसकट. सर्टिफिकेट आजतागायत आलेलं नाही. तरी मी या कामाला नावं ठेवणार नाही. अनोळखी माणसाला मेसेज कसा करायचा हे मी तिथेच शिकले. फक्त आधी पैसे भरून 'सिलेक्ट' व्हायला सांगत असतील तर तिथूनच परत फिरायचं.

गंमत अशी की माल दोघंही विकतात. ओपन डेला कॉलेजलाही प्रवेश हवेच असतात, तो काही धर्मादाय दवाखाना नाही. फरक पडतो तो समोर कोण उभं आहे याने. लिंकवर क्लिक करणारा दिसत नाही. आमच्या इथल्या कॉलेजच्या ओपन डेचा माणूस सटाण्याहून, पेठहून दोन बस बदलून आलेला असतो, आणि त्याची पोरगी उद्या तुमची ज्युनियर होऊन कॉरिडॉरमध्ये भेटणार असते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या ओपन डेला पिंपळगाव बसवंतहून एक काका आले होते, बारावी झालेल्या मुलीला घेऊन. द्राक्षबागवाले. मी लॅब दाखवत होते आणि ते मशीनकडे न बघता खिडक्यांची दारं हलवून बघत होते. मग विचारलं, "होस्टेलला पाणी कसं?" मी राहते सिडकोत घरी, मला काय माहीत? आदल्या दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये तीन गोष्टी बजावल्या होत्या: पॅकेजचे आकडे बोलायचे नाहीत, दुसऱ्या कॉलेजला नावं ठेवायची नाहीत, आणि 'अ‍ॅडमिशन होऊन जाईल' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. पाण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मी होस्टेलवर राहणाऱ्या मैत्रिणीला हाक मारली. ती म्हणाली, "गरम पाणी सकाळी सात ते नऊ. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तेव्हा बादली भरून ठेवावी लागते." मागे उभ्या सरांनी घसा खाकरला. काकांनी मात्र पहिल्यांदा मान डोलावली आणि पुढचा, खरा प्रश्न काढला.

"मुलींना फी माफ आहे म्हणतात, ते खरं का?" कोणीतरी त्यांना 'कॅपची (म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) वाट बघू नका, मॅनेजमेंटमधून सीट देतो' म्हणून फोन करत होतं. आता हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे, पण ती ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर. म्हणजे त्या फोनवाल्याचं ऐकलं असतं तर सवलतच हातची गेली असती. एवढं मला ठाऊक होतं. पण त्यांचा दाखला कुठला, उत्पन्न किती, हे भर गर्दीत विचारणारी मी कोण? मी त्यांना शिष्यवृत्तीच्या टेबलापर्यंत सोडलं आणि मॅडम मोकळ्या होईपर्यंत तिथेच थांबले. रेफरल कोडच्या कामात 'मला माहीत नाही, चला विचारू' म्हणायची वेळच येत नाही. ओपन डेला दिवसातून वीस वेळा येते. जो ते म्हणायला लाजतो त्याला लॅबपेक्षा नाश्त्याच्या स्टॉलवर ठेवलेलं बरं.

पैशाचं थोडक्यात. आपल्याकडे ओपन डेला मिळतं ते टी-शर्ट, वडापाव आणि प्रमाणपत्र. माझ्या कॉलेजात तरी एवढंच. तिकडे तासाने पगार मिळतो, आणि तो किमान वेतनाच्या खाली देता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस आणि त्यापुढच्या वयाला ते तासाला १२.२१ पौंड झालं. मावशी याला गुणाकार लावत बसते, पण मेख दुसरीकडेच आहे. तिकडे स्टुडंट व्हिसावर पदवी करणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि आठवडा मोजायचा सोमवार ते रविवार. बहीण एका दुकानात चौदा तास करते. म्हणजे ओपन डेच्या शनिवारचे आठ धरले की बावीस, हिशोब बिघडलाच. त्या आठवड्यात तिला दुकानातली एक शिफ्ट सोडावी लागते.

तिने परवा फोनवर विचारलं, "ताई, इथे खोल्या भाड्याने देणारी एक कंपनी आहे, कमिशनवर अ‍ॅम्बॅसेडर घेतायत. साइडला करू का? नाव तर तेच आहे." नाव तेच, पण तिथे हीच दोन कामं कायद्याने वेगळी पडतात. विद्यापीठाची ती नोकरदार असते. कमिशनवर स्वतःच्या जबाबदारीने काम घेतलं की तो स्वयंरोजगार धरला जाऊ शकतो, आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. मी म्हटलं, आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात जा, करार दाखव, मग बोल. इथे नाशकात बसून काकूंच्या मुलाला असला काही घोर नाही.

तो मुलगा पूजेच्या दिवशी जिन्यातच उभा होता. मी चपला घालत होते तेवढ्यात म्हणाला, "ताई, दोन मिनिटं. एक अ‍ॅप टाकतेस का? माझा कोड टाक फक्त." त्याचे छत्तीस झाले होते, पन्नास हवे होते. टाकलं. आणि मावशीच्या फोनवरही टाकून दिलं.