डोक्याला किरकोळ मार लागलेल्या मुलाचं ऑब्झर्व्हेशन

मूल पडलं, डोकं आपटलं, रडून गप्प झालं, आता घरी न्यायचं की हॉस्पिटलात काही तास ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे हा विषय. यात 'किरकोळ' म्हणजे ग्लासगो कोमा स्केलवर (मूल किती शुद्धीवर आहे ते मोजणारी पट्टी) 15 पैकी 14 किंवा 15, टेंगूळ केवढं आलंय त्यावरून नाही.

सगळ्यांचं सीटी स्कॅन करून मोकळं का होत नाहीत? कारण त्यात रेडिएशन असतं आणि लहान वयात ते जास्त बाधतं, शिवाय बहुतेक मुलांच्या मेंदूला काहीच झालेलं नसतं. म्हणून 2009 मध्ये अमेरिकेतल्या 42,412 मुलांच्या अभ्यासावरून कोणाला स्कॅन हवा ते ठरवणारा 'पेकार्न' नियम (अभ्यास करणाऱ्या संशोधन-गटाच्या नावाचा) आला, आणि त्यात 2 वर्षांखालची मुलं वेगळी धरलीत. मूल गुंगीत आहे, 2 वर्षांखालच्या मुलात बोटाला कवटीचं फ्रॅक्चर लागतंय, किंवा मोठ्या मुलात कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची लक्षणं आहेत, तर मेंदूला गंभीर इजा असण्याचा धोका 4 टक्क्यांच्या वर, मग थेट स्कॅन. यातलं काहीच नाही आणि बाकीही सगळं ठीक, तर घरी.

खरी ओढाताण मधल्या गटात, जिथे धोका साधारण 0.9 टक्के असतो. मोठ्या मुलाला उलटी झाली, शुद्ध गेली होती, डोकं खूप दुखतंय किंवा दीड मीटरपेक्षा उंचावरून पडलंय. 2 वर्षांखालच्यांमध्ये उंचीची मर्यादा 0.9 मीटरच, आणि तिथे टेंगूळ कुठे आहे ते बघतात, कपाळावरचं फारसं चिंतेचं नाही पण बाजूला किंवा मागे असेल तर डॉक्टर सावध होतात. 'हा नेहमीसारखा वागत नाहीये' हे आईचं वाक्यसुद्धा या नियमात अधिकृत लक्षण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं कलम तेच.

अशा वेळी मार लागल्यापासून साधारण 4 ते 6 तास थांबवतात. नर्स ठराविक वेळाने येऊन डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारते, नाव विचारते, हातपाय हलवायला लावते, पाणी पोटात टिकतंय का बघते. झोपूच द्यायचं नाही ही जुनी समजूत, झोपेची वेळ असेल तर झोपू देतात, फक्त मधूनमधून उठवून बघतात नीट जागं होतंय का. एकच लक्षण असेल आणि ते ओसरत गेलं तर बरेचदा स्कॅन टळतो, वाढलं किंवा नवीन काही दिसलं तर लगेच करतात.

3 महिन्यांखालचं बाळ असेल, किंवा पडल्याची गोष्ट जखमेशी जुळत नसेल (मारहाणीचा संशय), तर स्कॅन करायला हात आखडता घेत नाहीत. घरी सोडतानाही मोठं माणूस सोबत हवं, आणि वारंवार उलट्या, फिट, वाढती डोकेदुखी किंवा उठवूनही न उठणं यातलं काही झालं तर तडक परत यायचं.