पहिली वॉटर स्की घेण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वॉटर स्की म्हणजे मोटरबोटीमागे दोर धरून पाण्यावरून घसरत जाण्यासाठी पायात अडकवायची फळी. नवखा ग्राहक दुकानात शिरला की बहुधा भिंतीवरच्या एकेरी, निमुळत्या, चकचकीत स्कीकडे बोट दाखवतो. ती स्लॅलम स्की, म्हणजे दोन्ही पावलं एकाच फळीवर ठेवून चालवायची. दिसायला देखणी, किमतीला भारी आणि शिकाऊ माणसाच्या काहीच कामाची नाही. पहिली खरेदी जोडीचीच करा, आणि तीही ‘कॉम्बो’ जोडी. यात दोन्ही स्कींवर पाऊल अडकवायची रबरी बाइंडिंग असतात आणि एका स्कीवर मागे आणखी एक पट्टा असतो. दोन स्कींवर तोल बसला की एक सोडून द्यायची, मागचं पाऊल त्या पट्ट्यात घालायचं आणि त्याच जोडीवर स्लॅलमही शिकायचं. लगेच दुसरी खरेदी नको.

माप कसं ठरवायचं?

उंचीवर नाही, वजनावर. प्रौढांसाठी साधारण ६७ इंची जोडी येते आणि बहुतेकांना तीच चालते. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलामुलींना ५९ इंच ठीक. त्याहून लहानांसाठी ४५ ते ४८ इंची. पुढच्या वर्षी मूल वाढेल म्हणून मोठी जोडी घेऊ नका. शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे लावला तर पोराला स्की वळवताच येत नाहीत.

लांबीइतकंच रुंदीकडे बघा. पुढचं टोक रुंद असलेली स्की कमी वेगात पाण्यावर येते, म्हणजे हातांना आणि खांद्यांना ओढ कमी बसते. हा खेळ सुरू झाला तोच रुंद फळ्यांवर. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने आठ फूट लांब, नऊ इंच रुंद पाइनच्या फळ्या आणल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, आणि टोकं पाण्याबाहेर ठेवून मागे रेलल्यावर तो उभा राहिला. आजही आम्ही नवख्यांना हेच सांगतो: गुडघे छातीशी, टोकं वर, हात सरळ. आणि उठायची घाई करू नका, ओढणारी मोटरबोटच उठवते.

बाइंडिंग: इथे वेळ घालवा

स्की चुकली तरी भागतं, बाइंडिंग चुकलं तर पाय मुरगळतो. कोरडा पाय कोरड्या रबरात जात नाही, म्हणून लोक एक माप मोठं मागतात. असं करू नका. आमच्याकडे साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली असते. पाय आणि रबर दोन्ही ओले करून घ्या. आधी बोटं पुढे सरकवा, मग टाचेचा भाग अख्ख्या मुठीत धरून वर ओढा. नुसती कड चिमटीत धरून ओढलीत तर रबर तिथेच फाटतं. पाय बसल्यावर टाच उचलून पाहा: ती हलायला नको, पण बोटं दबून पांढरीही पडायला नकोत. पडताना पाय सुटलाच पाहिजे. बाइंडिंगची चौकट मागेपुढे सरकते, त्यामुळे घरातल्या दोघा-तिघांना एकच जोडी पुरते.

लहान मुलांच्या जोडीत दोन्ही स्की जोडणारी दांडी किंवा दोरी असलेली घ्या, म्हणजे पाय फाकत नाहीत. सुरुवातीला बोट नकोच. गुडघाभर पाण्यात मुलाला उभं करा आणि काठावरून मोठ्या माणसाने दोर ओढावा.

जोडीबरोबर घ्यायचं ते: २३ मीटरचा, किंचित ताणणारा स्कीचा दोर आणि पाण्यात घसरून वर न सरकणारं, बकलांचं लाइफ जॅकेट. हवा भरायचं जॅकेट या खेळाला चालत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. बोटीत चालकाशिवाय मागे बघणारा दुसरा माणूस हवा. शिकणाऱ्या प्रौढासाठी ताशी ३० ते ३५ किलोमीटर वेग पुरतो, मुलांसाठी २० ते २५.

कोकण-गोव्याच्या ग्राहकांसाठी

खाऱ्या पाण्यातून आल्यावर जोडी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर स्क्रू गंजतात. सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत टाकलेलं रबर लवकर तडकतं. जुनी जोडी घेणार असाल तर बाइंडिंग वाकवून तडे बघा, कडेला थर सुटलेत का तेही, आणि तळाची फिन (स्की सरळ ठेवणारं पातं) जागेवर आहे ना याची खात्री करा. धरणाच्या पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आहे का, हे बोटवाल्याला विचारा.

दुकानात येताना प्रत्येकाचं वजन, चपलेचा नंबर आणि बोटीच्या इंजिनाची अश्वशक्ती लिहून आणा. पाय धुऊन या, मोजे नकोत.