सोनौलीच्या पलीकडचे पेट्रोल आणि रीमॅप केलेली गाडी

मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन नेपाळला जाणारे बहुतेक जण नाशिक, धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, गोरखपूर असा रस्ता धरतात आणि सुमारे १,७०० किलोमीटरांनंतर सोनौलीच्या सीमेवर पोहोचतात. तिथे ‘भन्सार’ म्हणजे नेपाळी सीमाशुल्क कार्यालयातून गाडीचा परवाना काढला, की पुढे बुटवल, पोखरा आणि सवड असेल तर मुक्तिनाथ. मुलुंडच्या माझ्या एका स्नेह्यांनी याच प्रवासाचा बेत आखला, तेव्हा मुक्कामांच्या आधी त्यांनी मला पेट्रोलविषयी विचारले. त्यांच्या पेट्रोल गाडीला टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारा पंखा) आहे आणि ती ‘स्टेज वन’ (पहिल्या पातळीची) रीमॅप केलेली आहे, म्हणजे इंजिनच्या संगणकातील प्रज्वलनाचे, इंधनाचे आणि टर्बोच्या दाबाचे तक्ते, ज्यांना ‘मॅप’ म्हणतात, ते ट्यूनरकडून, म्हणजे हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून, बदलून घेतलेले आहेत. ‘तिकडे ९५ ऑक्टेन मिळेल ना?’ हा त्यांचा प्रश्न होता. मला वाटते, त्याआधी दुसऱ्या दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: गाडीचा मॅप नेमक्या कोणत्या पेट्रोलवर बेतलेला आहे, आणि संपूर्ण वाटेवर टाकीत पडू शकेल असे सर्वांत हलक्या प्रतीचे पेट्रोल कोणते?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधील ताकद, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ऑक्टेन अंक सांगतो तो पेट्रोलचा संयम. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ज्योत अजून पोहोचलेली नसते तो कोपऱ्यातला वायू या काळात आणखी दाबला जातो, आणखी तापतो. ज्योत येईपर्यंत त्याने धीर धरला, तर पिस्टनवर सलग आणि एकसारखा जोर पडतो. धीर सुटून तो आपणहून एकदम पेटला, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार कंपनांचा धातूसारखा आवाज होतो. मेकॅनिक मंडळी याला ‘इंजिन नॉक करतेय’ म्हणतात. हलके नॉकिंग क्षणभर झाले तर निभावते, पण पूर्ण भारावर ते चालू राहिले तर पिस्टनचा माथा वितळू शकतो किंवा पिस्टनच्या दोन रिंगांमधला धातू तुटू शकतो.

हा संयम मोजायची पट्टी १९२०च्या दशकात अमेरिकेत ठरली. आयसो-ऑक्टेन नावाच्या हायड्रोकार्बनला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य अंक दिला गेला. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच तग धरत असेल, तर त्याचा अंक ९१. मापनासाठी एक सिलिंडरचे, दाब कमी-जास्त करता येणारे प्रमाणित इंजिन वापरतात. त्यावर दोन चाचण्या होतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या सौम्य चाचणीत मिळतो तो ‘रॉन’, तर ९०० फेऱ्या आणि सुमारे १४९ अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले मिश्रण अशा कडक चाचणीत मिळतो तो ‘मॉन’. मॉन साहजिकच कमी भरतो. आपल्याकडे २०२० मध्ये लागू झालेल्या बीएस-६ मानकांत साध्या पेट्रोलला किमान रॉन ९१ आणि प्रीमियम पेट्रोलला ९५ ठरवला गेला. त्यांचे किमान मॉन अनुक्रमे ८१ आणि ८५ आहेत.

मुंबईतील अनेक हौशी गाडीमालकांचा घात इथेच होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. अमेरिकेतील पंपावर लिहिलेला अंक रॉन नसतो. तो रॉन आणि मॉन यांची सरासरी असतो. या हिशेबाने आपले ९१ रॉन, ८१ मॉनचे साधे पेट्रोल अमेरिकेत ८६चे ठरते, आणि तिथला ‘९१’ म्हणजे आपल्या भाषेत साधारण ९५ ते ९६ रॉन. तिथला ‘९३’ तर ९८च्या आसपास जातो. परदेशी ट्यूनरकडून ऑनलाइन घेतलेल्या मॅपच्या तयार फाइलवर ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेले पाहून ती आपल्या साध्या पेट्रोलसाठी आहे असे समजणे म्हणजे चार-पाच अंकांची चूक करणे होय. युरोपातील फाइल रॉनमध्ये बोलते, पण तिथले किमान पेट्रोलच सहसा ९५चे असल्याने ‘साधे’ या शब्दाचा अर्थ तिथे वेगळा होतो. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी ट्यूनरकडून एकच गोष्ट लेखी घ्यावी: हा मॅप किती रॉनवर, किती टक्के इथेनॉलच्या इंधनावर तपासला आहे.

कारखान्यातून आलेल्या गाडीत कंपनी बरीच सूट ठेवून देते, कारण ती गाडी राजस्थानच्या उन्हात, भेसळीच्या पेट्रोलवर, पाच माणसे आणि सामान घेऊनही चालायला हवी. रीमॅप करणारा ताकद काढतो ती प्रामुख्याने या शिलकीतून: टर्बोचा दाब वाढवतो आणि ठिणगी थोडी आधी पाडतो. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर हा खरे तर कंपने ऐकणारा एक छोटा स्फटिक असतो. त्याने नॉकिंग टिपले की संगणक ठिणगी काही अंशांनी (इंजिनाच्या फेरीच्या मापात) मागे सारतो, म्हणजे उशिरा पाडतो, आणि मग हळूहळू पुन्हा पूर्ववत करू पाहतो. ‘ईसीयू (इंजिनचा संगणक) सांभाळून घेतो’ हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे आहे. सांभाळून घेण्यासाठी आधी नॉकिंग व्हावे लागते, आणि ठिणगी उशिरा पडली की जळण्याचे काम लांबते, एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा वायू अधिक तापतो आणि तो भार टर्बो व धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यावर जातो. मे महिन्यात कसारा घाट चढताना, उंच गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबून ठेवला, तर ही सगळी संकटे एकाच वेळी गोळा होतात.

आता इथेनॉल. भारतात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. ट्यून केलेल्या गाडीच्या दृष्टीने इथेनॉल हे दोन तोंडांचे द्रव्य आहे. त्याचा स्वतःचा रॉन १०८च्या आसपास असतो आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण थंड करते. नॉकिंगविरुद्ध एवढी चांगली ढाल क्वचितच मिळते. मात्र त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो निव्वळ पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो, आणि वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो. सिलिंडरमध्ये जितकी हवा गेली, तितक्यासाठी इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या नळ्यांना, सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. शांतपणे जाताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करून घेतो, पण वाढवलेल्या दाबावर इंजेक्टर आणि पंप आधीच मर्यादेपाशी पोहोचलेले असतील, तर नेमके पूर्ण भाराच्या क्षणी मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि पातळ मिश्रण तापते.

सीमा ओलांडताना होणारा बदल याच्या नेमका उलट आहे, आणि माझ्या मते तो अधिक धोक्याचा आहे. गेल्या वर्षभरात मुंबईत रीमॅप करून घेतलेली गाडी बहुधा वीस टक्के इथेनॉलवर तपासली गेली असते. ट्यूनरने आपले काम चोख केले असेल, चाचणीच्या नोंदींत (लॉगमध्ये) कुठेही नॉकिंग दिसत नसेल, तरी ती ठिणगीची वेळ इथेनॉलच्या भरवशावर पुढे ओढलेली असते. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशन आपले पेट्रोल इंडियन ऑइलकडूनच घेते, बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळमधील अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरांची तेलवाहिनीही सप्टेंबर २०१९ मध्ये डिझेलसाठी सुरू झाली, त्यामुळे पलीकडचे पेट्रोल म्हणजे आपलेच पेट्रोल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेल कोणाच्या शुद्धीकरण कारखान्यातून आले यावरून त्यात इथेनॉल किती आहे हे ठरत नाही. मिसळण्याचे काम डेपोवर होते आणि त्याचे धोरण प्रत्येक देशाचे आपले असते. म्हणून सोनौलीच्या पलीकडे भरलेल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असेलच हे गृहीत धरून गाडी दामटणे योग्य नाही. घाटात गेल्यावर ज्या ढालीवर मॅप विसंबून होता, तीच ढाल नाहीशी झालेली असू शकते.

इथेनॉल किती आहे हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. अरुंद, खुणा असलेल्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, त्यात १० मिलिलिटर पाणी घालून बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढते आणि खाली बसते. खालचा थर १० मिलिलिटरच राहिला तर इथेनॉल नाही. तो ३०च्या जवळपास गेला तर वीस टक्के. हे काम उघड्यावर, गाडीपासून आणि कोणत्याही ज्योतीपासून दूर करावे. ज्यांनी इंधनातील इथेनॉल मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवून घेतला आहे, त्यांना हा खटाटोप करायला नको, कारण इथेनॉलचा विद्युत-अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, हा एक विद्युत गुणधर्म) पेट्रोलच्या दहापटींहून अधिक असतो आणि सेन्सर त्यावरूनच टक्केवारी ओळखतो.

उंचीविषयी एक गैरसमज आहे. डोंगरात हवा विरळ असल्याने कमी ऑक्टेन चालते, हे साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाबाबत खरे आहे; अमेरिकेच्या पहाडी राज्यांत कमी अंकाचे पेट्रोल विकले जाते ते त्यामुळेच. टर्बोची गोष्ट निराळी. काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. संगणकाला मात्र सिलिंडरमध्ये ठरलेला दाब हवाच असतो, म्हणून तो टर्बोला अधिक वेगाने फिरवतो. ३० अंशांची हवा मुंबईत २.२ पट दाबली, तर टर्बोच्या ७० टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरमधून (हवा दाबणाऱ्या भागातून) ती १४० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तोच अंतिम दाब काठमांडूत गाठायला ती जवळजवळ २.६ पट दाबावी लागते आणि तापमान आणखी २५ ते ३० अंशांनी चढते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यातील बरीच उष्णता काढतो, परंतु विरळ हवेत त्याचेही काम मंदावते. मुक्तिनाथ तर सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी आहे. तिथे स्टेज वनच्या ताकदीची अपेक्षा ठेवणे म्हणजे टर्बोला त्याच्या वेगमर्यादेबाहेर ढकलणे.

स्नेह्यांना मी जो सल्ला दिला तो असा: प्रवासासाठी ९१ रॉन आणि इथेनॉल नसलेले पेट्रोल धरून बेतलेला, कमी दाबाचा वेगळा मॅप ट्यूनरकडून घ्यावा आणि सोनौलीपर्यंत वाट न पाहता तो मुंबईतच चढवावा. ट्यूनरने एकापेक्षा जास्त मॅप ठेवण्याची सोय दिली असेल तर उत्तम. ती नसेल तर कंपनीचा मूळ मॅप परत घालण्यात कमीपणा वाटू नये. निघण्यापूर्वी टाकीत साधे पेट्रोल असताना, ओबीडी यंत्र (इंजिनच्या संगणकातील आकडे वाचणारे) मोबाइलला जोडून कसारा घाटात एक फेरी मारावी आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे सरकते ते पाहावे. एखादा-दुसरा अंश क्षणभर मागे गेला तर चिंता नाही. सर्व सिलिंडर चार-पाच अंशांवर अडकून बसले, तर तो मॅप त्या पेट्रोलला झेपत नाही.

वरचे पेट्रोल मिळत असेल तर त्याचा हिशेब सोपा आहे, कारण मिश्रणाचा अंक ढोबळमानाने प्रमाणात बदलतो. टाकीत ९५चे २० लिटर उरले असताना ९१चे ३० लिटर भरले, तर मिश्रण ९२.६चे होते. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणले, त्यांत मुंबई आणि पुणे होते. ते आणि ९१ निम्मे-निम्मे घेतले की साधारण ९५.५ येतो. मात्र असे पेट्रोल मोठ्या शहरांत मिळते आणि डोंगरातला पंप जे देईल तेच घ्यावे लागते. कॅनमध्ये पेट्रोल भरून नेण्याचा मोह टाळावा. बंद डिकीत, उन्हात, हजारो किलोमीटर ते बाळगणे जिवावर बेतू शकते. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर ‘२० पॉइंट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुतेकदा दोन अंक एवढाच असतो, आणि त्यांतील काहींमधील मँगनीज किंवा लोहाची संयुगे स्पार्क प्लगवर तांबूस थर चढवतात. विमानाचे पेट्रोल मिळवून देणारे कोणी भेटले तर स्पष्ट नकार द्यावा. त्यात सहसा शिसे असते आणि ते ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते. आपल्याकडे गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे २००० मध्येच हद्दपार झाले आहे.

परतीच्या वाटेवर सीमेच्या अलीकडे पुन्हा वीस टक्के इथेनॉलची टाकी भरली जाईल, आणि संगणकाने मधल्या दिवसांत शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्ती एकदम अपुरी पडेल. ती नव्याने बसायला थोडे अंतर जावे लागते. गोरखपूरला टाकी फुल केल्यानंतरचे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर एकसारख्या, मध्यम वेगाने काढावेत, आणि जोरदार मॅप पुन्हा चढवायचा असेल तर तो मुंबईला पोहोचल्यावर, नेहमीच्या पंपावरच्या दोन टाक्या संपल्यानंतर चढवावा.