चेहऱ्यावरच्या वळ्या: कोरियन पीलिंग जेल आलं कुठून आणि स्वस्त कसं झालं?

कोरड्या चेहऱ्यावर पारदर्शक जेल लावायचं, बोटांनी हलकं गोल चोळायचं. थोड्याच वेळात बोटांखाली मऊ, राखाडी-पांढऱ्या वळ्या जमू लागतात. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं, एवढी मृत त्वचा आपण चेहऱ्यावर घेऊन फिरत होतो? पीलिंग जेलची सगळी लोकप्रियता या क्षणावर उभी आहे. पण त्या वळ्यांतला मोठा भाग जेलचाच असतो, त्वचेचा थोडा. ही गोष्ट ट्यूब निवडण्याआधी माहीत असायलाच हवी, आणि ती नीट कळायची तर थोडं मागे जावं लागतं.

कोरियात अंगाचा मळ वळ्यांच्या रूपात निघताना पाहणं ही जुनी सवय आहे. घरोघरी गरम पाण्याची सोय नव्हती तेव्हा लोक मोग्योकतांग म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जात. सोल्लाल आणि छुसॉक या मोठ्या सणांच्या आधी तिथे गर्दी उसळायची. गरम पाण्यात बराच वेळ बसून त्वचा भिजवायची आणि मग खसखसून घासायची. या घासण्याला 'त्तेमिरी' म्हणतात. पैसे घेऊन दुसऱ्याचं अंग घासून देणारे लोक आजही तिथे काम करतात. 1960च्या दशकात बुसानमध्ये या कामासाठी खरखरीत व्हिस्कोस रेयॉनचा, हातमोज्यासारखा छोटा चौकोनी तुकडा तयार झाला. त्याला 'इटली टॉवेल' हे नाव पडलं. हिरव्या रंगाचा हा टॉवेल कोरियन घरात हमखास सापडतो. अंगाला तो चालून जातो. चेहऱ्याची नाजूक त्वचा मात्र त्याने सोलवटून निघते. वळ्या दिसाव्यात पण ओरखडे पडू नयेत, ही गरज तिथे होतीच.

दुसरा धागा रसायनशास्त्राचा. 1974 मध्ये अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या संशोधकांनी अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा, म्हणजे एएचएचा, परिणाम प्रसिद्ध केला. इक्थिओसिस या रोगात त्वचेवर खवल्यांसारखे जाड थर साचतात; ही आम्लं लावल्यावर ते सुटू लागले. मृत पेशी एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सैल करणं हे या आम्लांचं काम. पुढे ती सौंदर्यप्रसाधनांत आली आणि घासण्याला पर्याय मिळाला.

पीलिंग जेल या दोन्हींच्या मधे बसतं. त्याला घट्टपणा येतो तो बहुधा कार्बोमर किंवा तशाच ॲक्रिलिक पॉलिमरमुळे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थामुळे. हे पॉलिमर ऋणभारित असतं आणि भरपूर पाणी धरून फुगलेलं असतं. त्वचेवरच्या घामातले क्षार लागले की त्याची पाण्यावरची पकड सुटते. अनेक जेलमध्ये धनभारित क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात, तीही याला हातभार लावतात. पाणी सुटतं, उरलेलं पॉलिमर बोटांच्या घर्षणाने गोळा होऊन खोडरबराच्या चुऱ्यासारखं वळतं. काही जेलमध्ये सेल्युलोजही घातलेलं असतं, त्याने वळ्या आणखी ठसठशीत होतात. वळताना त्यांना वरवरच्या सुट्या पेशी, तेल आणि धूळ चिकटते. म्हणजे सफाई होते, पण सौम्य. खात्री करायची असेल तर चोळून धुतलेल्या जागीच पुन्हा जेल लावून पाहा. वळ्या पुन्हा येतात.

ही पद्धत एकट्या कोरियाने शोधली असं मात्र नाही. वळ्या काढणारं 'गोमाज' फ्रान्समध्ये आधीपासून होतं, आणि जपानमध्ये 'क्युअर' या ब्रँडचं पाण्यासारखं जेल फार गाजलं. कोरियाचं खरं कर्तृत्व किमतीत आहे, आणि मला हाच या कहाणीचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

कोरियात प्रसाधनं बराच काळ दारोदार विकली जात. आजच्या अमोरपॅसिफिक या कंपनीने 1964 मध्ये अशी विक्री सुरू केली आणि 'अमोर'च्या विक्रेत्या बायका घरोघरी ओळखीच्या झाल्या. महागडे ब्रँड डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मिळत. 1997च्या आर्थिक संकटाने हे गणित बदललं. लोकांचा हात आखडला. 2000 मध्ये मिशा हा ब्रँड आधी इंटरनेटवर आला आणि त्याने प्रसाधनं 3,300 वॉनला विकून खळबळ उडवली. 2003 मध्ये द फेस शॉप आलं, 2004 मध्ये स्किनफूड. रस्त्याकाठच्या या एकाच ब्रँडच्या दुकानांना 'रोडशॉप' म्हणतात. सोलमधल्या म्योंगदोंगमध्ये ती ओळीने उभी राहिली. पीलिंग जेल या दुकानांसाठी अगदी सोयीचा माल होता: घटक स्वस्त, आणि हाताच्या पाठीवर लावून गिऱ्हाईकाला परिणाम जागच्या जागी दाखवता येतो.

हे शक्य झालं कारण यातल्या अनेक ब्रँडांना स्वतःचा कारखाना काढावा लागला नाही. कोलमार कोरिया 1990 मध्ये आणि कॉसमॅक्स 1992 मध्ये सुरू झाली. या कंपन्या दुसऱ्या ब्रँडांसाठी सूत्र तयार करण्यापासून ट्यूब भरण्यापर्यंत सगळं करून देतात. स्वस्त आणि महाग ब्रँडचा माल एकाच कंपनीकडून बनून येणं तिथे नवलाचं नाही. किमतीतला बराचसा फरक जाहिरात, डबी आणि दुकानाच्या भाड्याचा असतो. 2017 नंतर चिनी पर्यटक घटले, रोडशॉपना ओहोटी लागली, 2018 मध्ये स्किनफूडला न्यायालयाच्या देखरेखीखाली पुनर्रचनेची वाट धरावी लागली. गिऱ्हाईक ऑलिव्ह यंगसारख्या अनेक ब्रँडच्या दुकानांकडे आणि ऑनलाइन खरेदीकडे वळलं. स्वस्त जेल मात्र टिकलं.

दोन नियमांनी ग्राहकाचा फायदा केला. 2008 पासून कोरियात प्रसाधनांवर सगळे घटक छापणं बंधनकारक झालं. आणि 2017 मध्ये चोळून धुण्याच्या प्रसाधनांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरायला बंदी आली. दाणेदार स्क्रबपेक्षा जेल बरं, असं म्हणायला त्यामुळे आणखी बळ मिळालं.

म्हणून ट्यूब निवडताना वळ्या किती निघतात हे पाहू नये. त्यावरून फक्त पॉलिमर आणि सेल्युलोजचा अंदाज येतो. पुढच्या बाजूला सफरचंद, पपई किंवा तांदळाचं चित्र असलं तरी मागची घटकांची यादी वाचावी. ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा घटक वरच्या क्रमांकात असेल तर चांगलं. त्वचा संवेदनशील असेल तर सुगंध आणि अल्कोहोल टाळावं. फळांच्या आम्लाचा मोठा गवगवा असला तरी जेल मिनिटभरात धुतलं जातं, त्यामुळे त्या आम्लाला कामाला फारसा वेळ मिळत नाही. केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. आठवड्यातून एकदा पुरे. मुरुमं चिघळलेली असतील, एक्झिमा असेल किंवा रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं त्वचेचं औषध) चालू असेल तर चोळणंच नको. आणि 0.5 टक्क्यांहून जास्त एएचए असलेल्या मालावर उन्हाबाबतची सूचना छापावी, असा कोरियाचा नियम आहे, पण धुऊन टाकायच्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून सूचना नसली तरी घटकांच्या यादीत एएचए दिसलं तर दिवसा सनस्क्रीन लावावंच.