लोहगाव विमानतळ : धावपट्टी आणि उड्डाणाचे हवामान

पुण्याच्या ईशान्येला लोहगाव येथील विमानतळ मूळचा लष्करी. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी १९३९ मध्ये ब्रिटिशांनी तो उभारला. आज तो भारतीय हवाई दलाचा तळ असून प्रवासी विमानेही हवाई दलाच्याच धावपट्टीवरून ये-जा करतात. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये सर्वप्रथम इथेच दाखल झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या डागडुजीसाठी १४ दिवस प्रवासी वाहतूक पूर्ण बंद होती. नवे टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आले. धावपट्टी तीच राहिली.

मुख्य धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. तिच्या टोकांवर रंगवलेले १० आणि २८ हे आकडे दिशेचे आहेत. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेले अंदाजे १०० आणि २८० अंश, शेवटचे शून्य गाळून. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचे वारे जोरात असले की २८ वापरली जाते आणि विमाने वाघोलीच्या बाजूने खाली येतात. वारा पूर्वेचा झाला की १० वापरात येते आणि विश्रांतवाडी-कळसच्या घरांवरून आवाज घुमू लागतो. आकाशाकडे न पाहताही तिथल्या माणसाला वारा फिरल्याचे कळते.

लोहगावचे खरे दुखणे उंचीत आहे. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा आधीच विरळ, त्यात एप्रिलची दुपार. पारा ४० अंशांवर गेला की इथली हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ ते १५ टक्के हलकी होते. विमानाला ती जणू १,६०० मीटर उंचीवरची भासते. पंखांना कमी आधार, इंजिनाला कमी जोर. जमीन सोडण्याआधी जास्त वेग आणि जास्त अंतर लागते. अंतर तर धावपट्टीएवढेच. मग वजन कमी करणे आले : थोडे इंधन, थोडा माल, प्रसंगी काही प्रवासी. लांब पल्ल्याची मोठी विमाने पुण्यातून पूर्ण भाराने का उडत नाहीत, याचे मोठे कारण हेच. धावपट्टी वाढवण्याची मागणी त्यामुळे केवळ शहराच्या प्रतिष्ठेची नाही. कोकणात सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाची धावपट्टी साधारण एवढीच, २,५०० मीटरची. पण ती समुद्राजवळच्या सड्यावर, बरीच खाली आहे. तेवढ्याच लांबीत तिथे विमानाला जास्त भार पेलतो.

पावसाच्या बाबतीत मात्र पुणे सुदैवी. किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडताना बराचसा ओसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये लोहगावला धोधो सरींपेक्षा रिपरिप आणि खाली उतरलेले ढग यांचाच त्रास अधिक. ओल्या धावपट्टीवर चाकांची पकड कमी होते, थांबायला जास्त अंतर लागते, म्हणून उतरण्याचा हिशोब कोरड्या दिवसापेक्षा वेगळा करावा लागतो.

डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, निवांत रात्रीनंतर पहाटे धुके धरते. उपकरणांच्या साह्याने उतरण्याच्या प्राथमिक श्रेणीत धावपट्टीवरची दृश्यता साधारण ५५० मीटर तरी लागते. त्याखाली ती गेली की विमान वर घिरट्या घालते किंवा दुसऱ्या शहराकडे वळते. ऊन चढले की धुके विरते, पण सकाळी चुकलेली वेळ विमानाच्या पुढच्या फेऱ्यांवरही साचत जाते.

सर्वांत जपावे लागते ते वळवाच्या पावसाला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर काळा ढग उभा राहतो. पाऊस पडण्याआधी त्याच्या पोटातून गार हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. धावपट्टीच्या कडेचा विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी, काही मिनिटांपूर्वी सैल लोंबत असते. ती एकदम ताठ होते आणि गर्रकन उलटी फिरते. उतरत्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, लगेच मागून. पंखांवरचा आधार निसटतो आणि तोही जमीन जवळ असताना. अशा वेळी वैमानिक उतरणे सोडून इंजिनांना पूर्ण जोर देतो आणि पुन्हा वर जातो. खिडकीतून धावपट्टी दिसत असताना विमान वर का उचलले, असे प्रवाशांना वाटते. निर्णय मात्र तोच बरोबर असतो. ढग सरकला की पंधरा-वीस मिनिटांत विंडसॉक खाली येतो आणि ओल्या धावपट्टीवर वाहतूक पुन्हा सुरू होते.