नोकरी सोडल्यानंतरची स्पर्धाबंदी: कलम २७ ची पार्श्वभूमी

नोकरी सुटल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्धी कंपनीत रुजू होणार नाही, अशी नेमणूकपत्रातील हमी भारतातील न्यायालयांत टिकत नाही, असे आज कोणताही जाणकार वकील सांगतो. हे उत्तर बरोबर आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या दोन निकालांच्या (१९६७ आणि १९८०) आधारे ते दिले जाते, त्यांतील पहिल्याचा आवाका कंपन्यांच्या नोटिशींमध्ये नेहमी वाढवून सांगितला जातो आणि दुसऱ्याने मूळ प्रश्न प्रत्यक्षात किती सोडवला याची चर्चा फारशी होत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ एका वाक्याचे आहे: कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याने रद्दबातल, ठरतो. धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यावर घातलेले वाजवी बंधन हा त्याला अपवाद आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनी १७११ पासून मर्यादित काळाची आणि मर्यादित क्षेत्राची वाजवी बंधने मान्य करण्याची परंपरा उभी केली होती. आपल्या कायद्याने ती न घेता न्यूयॉर्कसाठी तयार झालेल्या एका संहितेच्या मसुद्याची कडक भाषा घेतली. त्याच मसुद्याची भाषा त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही गेली, आणि तेथेही असे करार अंमलात येत नाहीत. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अंशतः घातलेले बंधनही या कलमाखाली शून्य आहे, कारण लगतच्या कलम २८ मध्ये असलेला ‘संपूर्णपणे’ हा शब्द कलम २७ मध्ये नाही. १८८५ च्या एका चहा कंपनीच्या प्रकरणात नोकरी चालू असतानाचे बंधन आणि नोकरी संपल्यानंतरचे बंधन असा भेद झाला, आणि पुढची सगळी चर्चा त्या भेदावर उभी राहिली.

१९६७ चे प्रकरण कल्याणच्या एका कारखान्यातील पर्यवेक्षकाचे होते. टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपनीकडून घेताना भारतीय कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांकडून गुप्ततेची हमी घेण्याचे मान्य केले होते, आणि या पर्यवेक्षकाने मार्च १९६८ पर्यंतचा पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्यापूर्वीच तो जास्त पगारावर दुसऱ्या राज्यातील प्रतिस्पर्ध्याकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला, परंतु तो कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता आणि त्याच प्रकारच्या कामापुरता होता. तरीही ‘वाजवी स्पर्धाबंदी भारतात चालते’ असा त्याचा दाखला वर्षानुवर्षे दिला जातो. करार संपल्यानंतरच्या बंधनाचा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच, म्हणून हा दाखला अप्रामाणिक नसला तरी अपुरा आहे, असे मला वाटते.

तो प्रश्न १९८० मध्ये पुढे आला. मालाची तपासणी करणाऱ्या एका कंपनीच्या दिल्लीतील अधिकाऱ्याच्या करारात, कंपनी ‘सोडल्यावर’ दोन वर्षे त्याने शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी तसाच व्यवसाय करू नये, अशी अट होती. कंपनीने त्याला स्वतः काढून टाकले आणि त्याने आपला व्यवसाय सुरू केला. बहुमताने असे धरले की ‘सोडणे’ म्हणजे आपणहून जाणे, काढून टाकले जाणे नव्हे. अट लागूच होत नसल्यामुळे ती कलम २७ खाली वैध आहे की नाही, हे ठरवण्याची गरज बहुमताला उरली नाही. स्वतंत्र निकालपत्र लिहिणाऱ्या एका न्यायमूर्तींनी मात्र तो प्रश्न थेट हाताळला: नोकरीनंतरचे बंधन शून्य आहे आणि इंग्लंडची वाजवीपणाची कसोटी आपल्या कलमात वाचता येत नाही. आज सर्रास सांगितला जाणारा नियम प्रामुख्याने या स्वतंत्र मतातून पुढे आला. बहुमताने त्याच वेळी स्पष्ट उत्तर दिले असते, तर केवळ भीतीपोटी सही करून घेतली जाणारी कलमे इतकी वर्षे नेमणूकपत्रांत राहिली नसती, असे मला ठामपणे वाटते. एका शब्दाच्या अर्थावर प्रकरण संपल्याचा फायदा त्या एका अधिकाऱ्याला झाला. त्याच्यासारख्या इतरांना पुढच्या खटल्यांची वाट पाहावी लागली.

कायदा बदलावा, वाजवी बंधनांना मुभा द्यावी, असे विधी आयोगाने १९५८ मध्येच सुचवले होते. संसदेने ते स्वीकारले नाही. २००६ मध्ये एका क्रिकेटपटूच्या जाहिरात कराराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरची बंधने शून्य असल्याचे पुन्हा सांगितले, आणि तेव्हापासून स्पर्धाबंदीच्या बाजूने फारसे काही उरले नाही.

त्यामुळे वादाचे ठिकाण गोपनीयतेकडे सरकले. गुप्त माहिती उघड न करण्याची हमी नोकरीनंतरही बंधनकारक राहते, कारण ती काम करण्यापासून रोखत नाही. अडचण आहे ती गुप्त काय, हे ठरवण्याची. एखादे सूत्र, आरेखन किंवा दरपत्रक हे कंपनीचे असू शकते, पण कर्मचाऱ्याने कामातून मिळवलेले कौशल्य आणि ग्राहकांची सर्वसाधारण ओळख ही त्याची स्वतःची असते, आणि गोपनीयतेच्या नावाखाली मागितलेली स्पर्धाबंदी उच्च न्यायालयांनी नाकारली आहे. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालासोबत त्याचा मसुदा दिला.

दुसरी वाट बॉण्डची आहे. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरावे लागतील, ही एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ही अट नोकरीच्या काळापुरती आहे आणि पुढे कुठेही काम करण्यास ती रोखत नाही, या कारणावर ती कलम २७ च्या कक्षेबाहेर राहिली. सार्वजनिक बँकांना भरतीसाठी जाहिरात, परीक्षा आणि मुलाखती यांवर करावा लागणारा खर्चही न्यायालयाने लक्षात घेतला. खासगी कंपन्यांच्या बॉण्डना हे कारण तसेच्या तसे लावता येईल असे नाही; तिथे कलम ७४ प्रमाणे वाजवी नुकसानभरपाई किती, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे पाहावे लागते.