शून्य सावलीमागची काठी

मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर स्टीलचा एक उभा डबा ठेवायचा आणि पोरांना त्याच्याभोवती बसवायचं. सावली आक्रसत डब्याच्या बुडाशी येते आणि दिसेनाशी होते. मग कुणीतरी डबा उचलून बघतंच, सावली खाली दडली की काय? आणि ती खरोखर तिथेच असते!

हा शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो 6-7 मेच्या सुमारास येतो, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16 आणि नागपुरात 26 मेच्या आसपास. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा एकेका गावाच्या डोक्यावर येत जातो. सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन मागे फिरतो. हे कर्कवृत्त महाराष्ट्राच्या वरून, मध्य प्रदेशातून जातं, म्हणून आपल्याकडे प्रत्येक गावाला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीच्या मुलांना एकदाही नाही.

या खेळाचं मूळ फार जुनं आहे. यज्ञवेदी बांधताना पूर्व-पश्चिम रेषा अचूक हवी, म्हणून कात्यायनाच्या शुल्बसूत्रात जमिनीत काठी, म्हणजे शंकू, रोवायला सांगितलंय. काठीभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम सापडली. होकायंत्राची गरजच नाही. पुढे भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त तर सावलीच्या गणितांना ‘छायाव्यवहार’ नावाचं वेगळं प्रकरणच दिलं.

तिकडे इजिप्तमध्ये, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच सावलीवरून पृथ्वी मोजली. सायीनी, म्हणजे आजचं अस्वान, इथे सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सूर्य डोक्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला भरला. दोन गावांत अंतर 5,000 स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप), म्हणून पृथ्वीचा घेर 2,50,000. मला वाटतं, पृथ्वी गोल असल्याचं पाठ करून घेण्याआधी मुलांना ही गोष्ट सांगावी.

मुलं हटकून विचारतात, पुण्यात सावली बाराच्या ठोक्याला का जात नाही, 12 वाजून 31 मिनिटांनी का? कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर चालतात आणि सूर्याला तिथून पुण्यापर्यंत यायला वेळ लागतो. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत 39 मिनिटं मागे असलेली जुनी ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून होती.

एवढा सुंदर धडा शाळेत मात्र क्वचितच होतो. मे महिन्यात सुट्टी आणि दुसरी शून्य सावली जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवलेली. त्यावर उपाय आपल्या पंचांगातच आहे: पलभा. विषुवदिनी, म्हणजे 21 मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जेवढी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. पुण्याची जवळपास चार अंगुळं. 21 मार्चला शाळा चालू असते. दुपारी पाऊण वाजायच्या थोडं आधी मैदानात ओळंबा धरून बारा सेंटिमीटरची काडी सरळ उभी करा, पट्टी लावा. सावली चार सेंटिमीटर भरेल.